कोण आजारी आहे, सिस्टर?



मागच्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर बीपी आणि शुगर तपासायला बसले होते. वीस-बावीस जणी तपासल्या. निम्म्याहून अधिक जणींना मी तेच वाक्य सांगितलं, "ताई, रोज अर्धा तास चालत जा." सगळ्यांनी माना डोलावल्या. एक आजी तेवढ्या खरं बोलल्या, "बाई, हे तू मागच्या वर्षी पण सांगितलं होतं. मी तीन दिवस चालले. मग कंटाळा आला."

त्या रात्री मला आजींचं बोलणं पटत गेलं. गोळीसारखा सांगितलेला व्यायाम गोळीसारखाच सुटतो. मी स्वतः एके काळी आठवड्याला शंभरेक किलोमीटर सायकल चालवत होते. मला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि तब्येतीसाठी तर मी ते नक्कीच करत नव्हते. म्हणून यावेळी आरोग्याच्या पानावर माझ्या त्या सायकलची गोष्ट लिहिते आहे. गुडघे, शुगर, सिकलसेल हे सगळं त्यात येणारच आहे.

सायकल मी बल्लारपूरच्या वस्तीत शिकले, बाबांच्या काळ्या बावीस इंचीवर. नळीच्या खालून पाय घालून कैची मारायची. गुडघे फोडून घेतले आणि शिकले. बाराव्या वर्षी आईने सांगितलं, "आता मोठी झालीस, पुरे." भाऊ चालवत राहिला, मी पायी शाळेत जायला लागले. तुमच्यापैकी किती जणींची गोष्ट इथेच थांबली असेल, ते मला माहीत आहे.

नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर २००३ मध्ये भामरागड तालुक्यात कंत्राटी नर्स म्हणून रुजू झाले. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. गडचिरोलीहून आल्लापल्ली, आणि तिथून पुढे साठ-पासष्ट किलोमीटर जंगलातून भामरागड. गावाजवळ इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्या एकत्र येतात. पलीकडचा काठ छत्तीसगडचा. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा संपर्क तुटायचा आणि पलीकडची शंभरावर गावं आपापल्या जागी अडकून पडायची. वस्ती बहुतेक माडिया गोंडांची. तीन किलोमीटरवरच्या हेमलकशाला बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प, तो तुम्ही ऐकलेला असेल.

माझ्याकडे सात गावं होती. सर्वांत लांबचं अकरा किलोमीटरवर. रस्ता म्हणजे आधी मुरूम, मग गिट्टी, मग नुसती पायवाट, मध्ये दोन नाले. मलेरियाच्या काचपट्ट्या घ्यायच्या, टीबीच्या गोळ्या द्यायच्या, गरोदर बाया तपासायच्या, लसीकरण करायचं. पहिले चार महिने पायीच गेले. मग बाबांची काळी सायकल एसटीच्या टपावर टाकून आणली. तिने पहिल्याच नाल्यात हात टेकले. अरुंद टायर रेतीत रुतायचे, चिखल मडगार्डमध्ये बसून चाक जाम व्हायचं, आणि ओलं झालं की रॉडचे ब्रेक नुसतेच कुरकुरायचे. सायकल मला नेत नव्हती, मी सायकलला नेत होते.

त्याच दिवाळीच्या सुमारास आल्लापल्लीच्या एका सायकलवाल्याकडे एक जुनी रेंजर दिसली. कंपनी कोणतीही असो, जाड टायरच्या सगळ्याच सायकलींना आपल्याकडे तेव्हा रेंजर म्हणत. निळा रंग अर्धा उडालेला. मागे सहा गिअर, त्यातले चारच लागायचे. तेराशे पन्नास रुपये सांगितले, बाराशेत दिली. मागे कॅरियर नव्हतं, ते त्याने लोखंडी पट्ट्या वेल्ड करून बसवून दिलं. त्यावर लसीचा डबा जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधायचा.

ही सायकल वेगळी कशात होती, ते नंतर कळत गेलं. चाक सव्वीस इंची, काळ्या सायकलच्या अठ्ठावीस इंचीपेक्षा लहान. टायर दोन इंचांचे, खाचांचे. हँडल सरळ आणि रुंद, त्यामुळे दगडावरून जाताना पुढचं चाक हातात राहतं. नळी खाली आणि आखूड, म्हणजे पंजाबी ड्रेसमधली बुटकी नर्ससुद्धा दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी राहू शकते. गिअरमुळे चढावर पायावरचा भार कमी होतो. वेग जातो, पण दम पुरतो.

अशा सायकली काही कारखान्यातल्या साहेबांच्या डोक्यातून आलेल्या नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियात टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तिथली पोरं भंगारातल्या जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर न्यायची आणि मातीच्या रस्त्याने खाली सोडायची. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या आत असायचा. उतारावर तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीला नावच पडलं रीपॅक, म्हणजे पुन्हा भरणे. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी सायकल बनवली. १९९६ ला अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला आणि इटलीच्या पाओला पेझ्झोने महिलांचं पहिलं सुवर्ण घेतलं. अर्थात मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझी शर्यत बर्फ वितळण्याशी असायची.

दुसऱ्याच आठवड्यात पडले. उतार, सुटी गिट्टी, समोर अचानक बैल. उजव्या हाताचा ब्रेक घट्ट दाबला. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. पुढचं चाक थांबलं, मी नाही थांबले. उठल्यावर आधी लसीचा डबा उघडून पाहिला, मग कोपर. चार आईस पॅक शाबूत, लसीच्या कुप्या शाबूत. कोपराला मात्र पाच टाके पडले. तेव्हापासून शिकवताना पहिलं हेच सांगते. उतारावर दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू, सुरुवात मागच्यापासून. आणि पार्श्वभाग सीटवर थोडा मागे सरकवायचा.

प्रेम बसलं ते नोव्हेंबरातल्या एका रविवारी. सुट्टी होती. कपडे धुऊन झाले होते, रजिस्टर भरून झालं होतं. मी सायकल काढली आणि निघाले. कुठे, ते ठरवलं नव्हतं. पाठीमागे डबा नसल्यामुळे सायकल केवढी हलकी वाटली! सागाची पानं वाळायला लागली होती, टायरखाली कुरकुर वाजत होती. मोहाच्या झाडांमधून वाट खाली नदीकडे उतरते, तिथे पहिल्यांदा मी पायडल मारायचं थांबवलं आणि सायकलला जाऊ दिलं. थंड वाऱ्याने डोळ्यांतून पाणी आलं. तोंडाने मी काहीतरी आवाज काढला, काय ते आठवत नाही. तेवीस वर्षांची बाई, सरकारी नर्स, रानात एकटी ओरडत उतारावरून चालली आहे.

खाली एका गावात विहिरीवर ओळखीची एक माडिया म्हातारी होती. मला बघून घाबरली. सिस्टर सायकलवर आली म्हणजे कोणाला तरी ताप, कोणाचं तरी बाळंतपण. तिने विचारलं, "कोण आजारी आहे, सिस्टर?" मी म्हटलं, "कोणीच नाही. अशीच आले, सायकल चालवायला." तिला काही समजेना. दोनदा विचारलं. मग समजलं तेव्हा ती इतकी हसली की हातातला दोर सुटला आणि बादली विहिरीत गेली. पुढे अकरा वर्षं मी तिथे होते. मी दिसले की ती लांबूनच विचारायची, "आज कोण आजारी आहे?" आणि स्वतःच हसायची.

सगळे दिवस असे नव्हते. जुलै-ऑगस्टमध्ये सायकल खांद्यावर घेऊन नाला ओलांडला आहे, नदीला डोंग्यात आडवी टाकून नेली आहे. एप्रिलमध्ये मोह वेचायच्या दिवसांत पहाटे अस्वलाची भीती, म्हणून उजाडल्याशिवाय निघायचं नाही, आणि घंटी वाजवत जायचं. अंधार पडायच्या आत घर, हा नियम मी कधी मोडला नाही, कारण त्या भागात तेव्हा रात्री रस्त्यावर दिसणाऱ्याला दोन्हीकडून प्रश्न विचारले जायचे. तरी पण रोज सकाळी सायकलच्या सीटवरचं दव पुसताना मला बरं वाटायचं. एवढं कारण पुरेसं होतं.

आता एक चूक सांगते. ती माझीच आहे.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, हे तुम्हाला माहीत आहे. २०१२ च्या सुमारास नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली. वडील आपल्याच समाजाचे, आश्रमशाळेत स्वयंपाकी. मुलगी चार किलोमीटर सायकलने शाळेत जायची. गुडघे आणि नडग्या दुखतात म्हणाली. मी तिची सायकल पाहिली, सीट फारच खाली होती. मोठ्या ऐटीत पान्हा काढून सीट वर केली आणि तिला घरी पाठवलं. महिन्याने परत आली. मी सीट अजून अर्धा इंच वर केली, पॅरासिटामॉल दिली. तिसऱ्यांदा तिचे वडील तिला उचलून घेऊन आले. डोळे पिवळे, अंगात ताप, छातीत दुखत होतं. जीपने दवाखान्यात पाठवली. रक्त तपासलं तर सिकलसेल, एसएस. नऊ दिवस ती भरती होती.

सायकल मला इतकी कळत होती की मुलीचं दुखणं कळलं नाही. सांधे दुखणारी, फिकट, वारंवार तापाने पडणारी विदर्भातली मुलगी समोर बसली आहे, आणि एका नर्सला सिकलसेल आठवत नाही! सिकलसेल आपल्या समाजात आहे हे काही आज कळलेलं नाही. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं होतं. गोंड, माडिया आणि आपण, तिघांच्याही घरात हा आजार आहे.

आता त्या मुलीचं काय करायचं? वडिलांनी सायकल घराच्या आढ्याला टांगून टाकली. सायकल गेली म्हणजे शाळा गेली. तिच्या डॉक्टरांशी मी बोलले. त्यांनी सांगितलं ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल म्हणून नीट वाचा. ज्यांचा रिपोर्ट एएस आहे ते वाहक. ते आजारी नाहीत, सायकल चालवू शकतात, खेळू शकतात. फक्त कडक उन्हात, पाणी न पिता, दम तुटेपर्यंत शर्यत लावायची नाही. ज्यांचा रिपोर्ट एसएस आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून, बरं वाटत असताना, हळू चालवायची. शरीरातलं पाणी कमी झालं, फार थकवा आला, गारठा लागला की त्यांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि तेच ते हाडं फोडणारं दुखणं. म्हणून पाण्याची बाटली सायकलला बांधलेली हवी आणि तहान लागायच्या आधीच घोट घ्यायचा. दुपारचं ऊन टाळायचं. पावसात भिजलं तर लगेच कोरडं व्हायचं. चढ आला की उतरून ढकलायचं, त्यात लाज नाही. दुखायला लागलं, ताप आला, धाप लागली तर सायकल बंद आणि दवाखाना, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. फॉलिक अॅसिड आणि डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सीयुरिया आपल्या मनाने सोडायची नाही.

सायकल आढ्यावरून खाली आली, पण त्यासाठी मला तीन चकरा माराव्या लागल्या. ती मुलगी बारावी झाली. शाळेत जाताना चढावर उतरून ढकलत जायची आणि माझी सायकल दिसली की तीही घंटी वाजवायची.

ज्या घरात कोणाचीच तपासणी झालेली नाही, त्यांनी ती करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी करून एएस की एसएस ते ठरतं. जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, चाळिशीच्या आतल्यांची तपासणी त्यात होते. लग्नाआधी दोघांचेही रिपोर्ट बघा. दोघेही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते.

२०१४ मध्ये नोकरी सोडली, चंद्रपूरला आले, वस्त्यांमध्ये संघटनेचं काम सुरू केलं. रेंजर तिथल्याच एका आशाताईला देऊन आले. इथे स्कूटी घेतली. मीटिंगा, चहा, मीटिंगा. २०१९ मध्ये विहारातल्याच शिबिरात गंमत म्हणून स्वतःची शुगर तपासली, उपाशीपोटी ११६. शंभराच्या आत पाहिजे. १२६ किंवा त्यापुढे मधुमेह. मी मधल्या पायरीवर उभी होते. दुसऱ्यांना अर्धा तास चाला सांगणारी मी, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही स्कूटीवर जात होते.

पुन्हा जुनी जाड टायरची सायकल घेतली. रोज सकाळी चाळीस मिनिटं. वर्षभराने उपाशीपोटीची शुगर ९८ आली. भात निम्मा केला होता, चहातली साखर बंद केली होती, त्यामुळे सगळं श्रेय सायकललाच देणार नाही. पण कारण समजण्यासारखं आहे. मांडीचे स्नायू शरीरातल्या मोठ्या स्नायूंपैकी. ते कामाला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात. सायकलवर शरीराचं वजन सीटवर असतं, म्हणून जाड बाईचे गुडघे चालण्यापेक्षा कमी दुखतात. एक कमी मात्र सांगायलाच हवी. वजन सीटवर असल्यामुळेच हाडांना चालण्याने जेवढी मजबुती येते तेवढी सायकलने येत नाही. पाळी गेलेल्या बायांनी थोडं चालणंही ठेवावं.

चाळिशीत शिकायचं असेल तर पडायची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. आम्ही विहाराच्या अंगणात असं शिकवतो. दोन्ही पायडल पान्ह्याने काढून ठेवायचे. सीट इतकी खाली की दोन्ही तळवे जमिनीवर टेकतील. मग पायाने ढकलत जायचं, लहान पोरं जातात तसं. दोन-चार रविवारांत तोल येतो. तोल आला की पायडल लावायचे आणि सीट हळूहळू वर न्यायची. शेवटचं माप असं की पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हावा. मग चवड्याने चालवताना तो जरासाच वाकलेला राहतो. सीट खाली ठेवून चालवलं तर गुडघ्याच्या वाटीसमोर दुखतं. बहुतेकींची हीच तक्रार असते. सीट बरोबर करूनही दुखलं तर मात्र मी एकदा जी चूक केली ती तुम्ही करू नका, रक्त तपासा.

ओढणी कमरेला गाठ मारून, साडीचा पदर खोचून. ओढणी चाकात गेली की मानेवर येतं. सलवारची उजवी घडी चेनमध्ये जाते, तिला रबर लावा. हाताच्या करंगळीला मुंग्या आल्या तर तुम्ही सगळा भार तळहातावर टाकता आहात, पकड बदलत राहा. नवी सायकल घेणार असाल तर स्वस्तातली शॉकअपवाली घेऊ नका. शॉकअप दोन वर्षांत गंजतं आणि वजन तेवढंच उरतं. साधी, हलकी, ब्रेक चांगले असलेली बघा. हेल्मेट महाग वाटतं, पण डोक्याचा मार मी पाहिलेला आहे.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात गुळाचा खडा ठेवावा. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधार आला तर थांबून तो खायचा. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर आधी ते वाढवा, नाहीतर दोन गल्ल्यांत छाती भरून येईल. छातीत दुखतं, चक्कर येते, अंग बाहेर येतं, अशांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदरपणात नव्याने शिकायला घेऊ नये. पाळीत चालवायला काहीच हरकत नाही. आणि आपल्या चंद्रपूरचा मे महिना, त्यात सकाळी सातच्या आत परत. घाम फार आला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटा चहाचा चमचा.

सध्या आमच्याकडे दोन सायकली आहेत आणि शिकणाऱ्या सात जणी. त्या आजी पण येतात. त्या अजून पायडलशिवायच ढकलतात, पण गेल्या रविवारी विहाराच्या फाटकातून बाहेर पडून थेट चौकापर्यंत गेल्या. पानटपरीवरच्या पोराने विचारलं, "आजी, कुठं निघाल्या?" आजी म्हणाल्या, "कुठंच नाही."

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला. ज्यांच्या घरी पंधरा नंबरचा पान्हा असेल त्यांनी घेऊन या, आमचा कोणीतरी नेला आहे.